टोकियोहून फुजी आणि सरोवरांची एका दिवसाची सहल: तारीख ठरवण्यापासून परतीपर्यंत

टोकियोहून सकाळी बसने निघायचं, फुजी डोंगर आणि त्याच्या पायथ्याची सरोवरं पाहायची आणि रात्री परत यायचं. सहल सोपी वाटते, पण तीन ठिकाणी हमखास फसते. ज्यात डोंगर ढगात असतो असा महिना किंवा दिवस निवडला जातो, पाच-सहा 'पॉइंट' असलेली सहल स्वस्त मिळते म्हणून घेतली जाते, आणि सकाळी टोकियोतल्या शिंजुकु स्टेशनात वाट चुकून बस हुकते. यातलं काहीही टाळता येतं, फक्त कामं योग्य क्रमाने करावी लागतात. खालच्या टप्प्यांचा क्रम बदलू नका.

१. आधी महिना, मग बाकी सगळं

फुजीची उंची ३,७७६ मीटर. एवढा मोठा डोंगरही वर्षातले कितीतरी दिवस अजिबात दिसत नाही. जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत दमट हवा आणि ढग असतात. सकाळी लवकर थोडा वेळ माथा उघडा दिसतो आणि नऊ-दहाच्या सुमारास झाकला जातो, म्हणजे टोकियोहून बस पोचण्याच्या नेमक्या वेळेला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी आणि स्वच्छ असते. डोंगर दिसण्याची शक्यता तेव्हा सर्वांत जास्त.

आपल्याकडच्या सुट्ट्यांच्या हिशेबाने सांगायचं तर असं:

- एप्रिल-मे: चेरीचा बहर कावागुचिको सरोवराजवळ साधारण एप्रिलच्या पूर्वार्धात येतो, टोकियोपेक्षा थोडा उशिरा. माथ्यावर बर्फ असतो. मात्र २९ एप्रिल ते ५ मेच्या आसपास जपानमध्ये 'गोल्डन वीक'ची सुट्टी असते. त्या दिवसांत ही सहल घेऊच नका, अर्धा दिवस रस्त्यात जातो.
- जुलै-ऑगस्ट: बर्फ वितळलेला असतो. डोंगर तपकिरी-काळा दिसतो. चित्रातला पांढऱ्या टोपीचा फुजी या काळात नसतो. ऑगस्टच्या मध्यावर ओबोन या पितरांच्या सणाच्या सुट्टीची गर्दी असते.
- दिवाळीची सुट्टी: ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पूर्वार्ध चांगला. सरोवराकाठची मेपलची पानं याच सुमारास लाल होतात. माथ्यावर बर्फ असेलच असं धरून चालू नका. २०२४ मध्ये पहिला बर्फ थेट ७ नोव्हेंबरला दिसला होता.
- नाताळची सुट्टी: थंडी कडक, पण डोंगर पाहायला सगळ्यात खात्रीचे दिवस. सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, हे मात्र लक्षात ठेवा.

तपासा: जपानला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ही सहल ठेवलेली नाही ना? जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथे सकाळी सहाला उठणं म्हणजे शरीराच्या हिशेबाने रात्री अडीचला उठणं. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी ठेवा.

२. स्थळं मोजू नका, मिनिटं मोजा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हिशेब नीट मांडतो.

सकाळी ८ ते संध्याकाळी ६ अशी दहा तासांची सहल धरा, म्हणजे ६०० मिनिटं. जायला दोन तास, परतीला संध्याकाळची गर्दी धरून अडीच तास. हे झाले २७० मिनिटं. जेवणाला ६०. उरले २७०. एका थांब्यावरून दुसऱ्याकडे जायला सरासरी २५ मिनिटं लागतात.

पाच थांबे असतील तर मधल्या चार फेऱ्यांत १०० मिनिटं जातात आणि प्रत्येक थांब्याला ३४ मिनिटं येतात. चाळीस-पंचेचाळीस माणसं बसमधून उतरायला आणि पुन्हा चढायला मिळून दहा मिनिटं वजा करा. हातात राहिली २४ मिनिटं. त्यात स्वच्छतागृहाची रांगही आली.

तीन थांबे असतील तर मधल्या फेऱ्यांत ५० मिनिटं जातात. प्रत्येक थांब्याला ७३, उतरणं-चढणं वजा जाता ६३ मिनिटं. पैसे तेवढेच, पण चुरेइतो पॅगोडाच्या (टेकडीवरचा मनोरा, मागे फुजी दिसतो) ३९८ पायऱ्या चढून-उतरून श्वास घ्यायलाही वेळ मिळतो. २४ मिनिटांत त्या पायऱ्या ज्येष्ठांना जमत नाहीत आणि तरुणांनाही नुसतं धावत जाऊन परत यावं लागतं.

म्हणून तीन, फार तर चार थांब्यांची सहल घ्या. त्यातला एखादा थांबा 'आउटलेट मॉल'चा असेल तर तो डोंगर-सरोवराच्या वेळेतून कापलेला असतो. खरेदी टोकियोतही होते.

सावधान: फुजी आणि हाकोने (जवळचा दुसरा डोंगराळ भाग) एकाच दिवसात दाखवणाऱ्या सहली लोकप्रिय आहेत. हाकोनेची आशिनोको सरोवरातली बोट आणि ओवाकुदानीचा रोपवे छानच आहेत, पण दोन्ही भाग एका दिवसात घेतले की दोन्हींकडे घाई होते. ओवाकुदानीत गंधकाचे वायू बाहेर पडतात. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी तिथे जाऊ नये.

३. थांब्यांचा क्रम उजेडाशी जुळतो का ते पाहा

नकाशा उघडा आणि दिशा बघा. कावागुचिको सरोवर फुजीच्या उत्तरेला आहे. त्याच्या उत्तर काठावरच्या ओइशी पार्कमधून डोंगर जवळजवळ थेट दक्षिणेला दिसतो. हिवाळ्यात दुपारी सूर्यही दक्षिणेलाच आणि खाली असतो. अशा वेळी डोंगर करडा, सपाट दिसतो आणि फोटोत त्याच्यावरचा बर्फ उठून येत नाही. ओइशी पार्क सकाळी हवं, निदान बारा वाजायच्या आत.

चुरेइतो पॅगोडा आणि ओशिनो हाक्काई (आठ तळ्यांची जागा) यांच्यापासून फुजी नैर्ऋत्येला आहे. यामानाकाको सरोवरावरून तो बराचसा पश्चिमेकडे येतो. या तिन्ही ठिकाणी सकाळचा उजेड डोंगराच्या समोरून पडतो.

चांगला क्रम असा: आधी चुरेइतो किंवा ओइशी पार्क, मग दुसरं, मग जेवण, शेवटी ओशिनो हाक्काई. ओशिनोला तळी आणि जुनी गवती छपरं आहेत, त्यामुळे दुपारी डोंगर झाकला गेला तरी तिथला वेळ वाया जात नाही. ढग सकाळपेक्षा दुपारी जास्त येतात, हे दुसरं कारण. ज्या सहलीत सकाळी आधी ओशिनो आणि दुपारी तीनला ओइशी पार्क आहे, ती सोडून द्या.

सरोवरात पडलेलं डोंगराचं उलटं प्रतिबिंब पोस्टरवर असतं. त्यासाठी वारा पूर्ण पडलेला लागतो आणि तसं बहुधा पहाटे असतं. टोकियोहून दहा वाजता पोचणाऱ्या बसला ते क्वचितच दिसतं. तेच पाहायचं असेल तर सरोवराकाठी एक रात्र मुक्काम करा.

४. बुकिंगच्या आधी वाचायच्या अटी

- गाइड बसमध्ये सोबत असतो, की नुसता चालक आणि फोनवरचं ध्वनिमुद्रण? 'गाइडेड' शब्दाखाली दोन्ही विकलं जातं.
- भाषा कोणती? इंग्रजी आणि चिनी एकत्र असेल तर प्रत्येक माहिती दोनदा सांगितली जाते आणि मोकळा वेळ कमी होतो.
- किमान प्रवासीसंख्या किती? तेवढे जमले नाहीत तर सहल रद्द होते. ते किती दिवस आधी कळवतात, हे पाहा.
- जेवण, रोपवे आणि बोटीचं तिकीट किमतीत आहे का? बस-सहलींची किंमत साधारण ८,००० ते १५,००० येनच्या दरम्यान असते आणि फरक बहुतेक इथेच पडतो.
- रद्द करण्याची अट काय? जपानी कंपन्यांच्या प्रमाण अटींप्रमाणे एका दिवसाच्या सहलीला दहाव्या दिवसापासून २० टक्के, सातव्या दिवसापासून ३०, आदल्या दिवशी ४०, त्या दिवशी निघण्यापूर्वी ५० आणि न सांगता गैरहजर राहिल्यास १०० टक्के कापतात. काही बुकिंग साइट २४ तास आधीपर्यंत पूर्ण पैसे परत देतात. ही २४ तासांची अट असलेलीच सहल घ्या, पुढच्या टप्प्यासाठी ती लागणार आहे.

सावधान: डोंगर दिसला नाही म्हणून पैसे परत मिळत नाहीत. कोणत्याही कंपनीकडून.

५. दोन दिवस आधी हवामान पाहून नक्की करा

टोकियोच्या वेळापत्रकात फुजीसाठी एक नाही, दोन दिवस मोकळे धरा. शहरातली ठिकाणं कुठल्याही दिवशी हलवता येतात, डोंगर हलवता येत नाही.

हवामान बघताना 'टोकियो' बघू नका. जपानच्या हवामान खात्याच्या अंदाजात यामानाशी प्रांताचा 'पूर्व भाग आणि फुजी पंचसरोवरे' असा वेगळा विभाग आहे, तो बघा. टोकियोत लख्ख ऊन आणि डोंगरावर ढगाची गादी, असं नेहमी होतं. शिवाय कावागुचिकोच्या काठावर थेट चित्रण दाखवणारे कॅमेरे आहेत. दोन-तीन दिवस सकाळी ८, १० आणि १२ वाजता ते उघडून पाहा. डोंगर किती वाजता झाकला जातो, हे डोळ्यांनी कळतं.

पाऊस पडून गेल्यानंतरची थंड, कोरडी, वाऱ्याची सकाळ अनेकदा फार स्वच्छ निघते. त्यामुळे आज पाऊस आहे म्हणून उद्याची सहल घाईने रद्द करू नका. उद्याचाच अंदाज पाहा.

दोन्ही दिवस ढगाळ दिसत असतील आणि डोंगर-सरोवर पाहायचंच असेल, तर निक्को या दुसऱ्या डोंगराळ भागाचा अंदाज बघा. तिथलं चुझेन्जी सरोवर १,२६९ मीटर उंचीवर आहे आणि शेजारी ९७ मीटरचा केगोन धबधबा. तिथे जाणाऱ्या इरोहाझाका घाटाला चढ-उताराची मिळून ४८ वळणं आहेत. गाडी लागणाऱ्यांनी तयारीने जावं, आणि ऑक्टोबरच्या पानगळीत तिथल्या रांगेचा विचार करूनच.

६. आदल्या रात्रीची तयारी

कपडे. दर १०० मीटर चढाला तापमान सुमारे ०.६ अंशाने उतरतं. कावागुचिको सुमारे ८३० मीटरवर आहे, म्हणून टोकियोपेक्षा पाचेक अंश थंड. फुजीचं पाचवं स्थानक (डोंगराच्या अंगावर बस जिथवर जाते ती जागा) २,३०५ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा साडेसहाशे मीटर वर. टोकियोत ३० अंश असताना तिथे १६-१७ अंश आणि वर वारा. मुंबईचे प्रवासी ऑगस्टमध्ये पातळ सुती कपड्यांत तिथे उतरतात आणि दहा मिनिटांत बसमध्ये परत येतात. उन्हाळ्यातही एक जाकीट हवं. जानेवारीत सरोवराकाठी सकाळी उणे ५ अंशांच्या आसपास असतं. कानटोपी, हातमोजे आणि पायऱ्यांवरच्या बर्फात न घसरणारे बूट लागतात. जाड कोट एकच घेण्यापेक्षा थर चढवा. बसमध्ये हीटर जोरात असतो.

खाणं. शाकाहारी असाल तर हा भाग काळजीने वाचा. या भागातला खास पदार्थ 'होतो': गव्हाच्या जाड, चपट्या पट्ट्या भोपळ्यासोबत मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) दाट रश्श्यात शिजवलेल्या. ताटलीत वरणफळं आल्यासारखं वाटतं. पण रस्सा बहुधा 'दाशी'वर करतात, आणि दाशीत वाळवलेल्या माशाचे काप उकळलेले असतात. वर भाज्याच दिसतात, म्हणून कळत नाही. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. "मासा आणि माशाचा रस्सा दोन्ही नको" हे जपानीत लिहून फोनमध्ये ठेवा. दुकानातल्या 'उमेबोशी' या खारवलेल्या आंबट फळाच्या ओनिगिरीतही (भाताच्या गोळ्यातही) कधी कधी 'कात्सुओ' माशाचा अर्क असतो. वेष्टनावर भाषांतराचा कॅमेरा फिरवा.

सगळ्यात बिनघोर उपाय म्हणजे सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा. मात्र भारतातून निघताना ताजी फळं, भाज्या, कढीपत्त्याची डहाळी आणि कोणतेही मांसाचे पदार्थ बॅगेत ठेवू नका, ते विमानतळावर अडवतात. बसमध्ये लसणीची चटणी उघडू नका, वास बंद गाडीत कोंडतो. थांब्यावर बाकावर बसून खा.

पैसे आणि कागद. माणशी निदान ५,००० येन रोख, त्यात १०० येनची नाणी. छोटे स्टॉल आणि काही स्वच्छतागृहांना नाणीच लागतात. यूपीआयवर विसंबू नका. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, पर्यटकांना तो सोबत बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे. बुकिंगचं पान, जमण्याच्या जागेचा फोटो आणि गाइडचा नंबर यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. एक रिकामी पिशवीही हवी. बाहेर कचऱ्याचे डबे जवळजवळ नसतात, कचरा हॉटेलवर परत आणायचा असतो.

तपासा: त्याच रात्रीचं विमान किंवा शिंकानसेन (बुलेट ट्रेन) बुक केलेली नाही ना? शनिवार-रविवारच्या संध्याकाळी टोकियोकडे येताना कोबोतोके बोगद्यापाशी वाहनं तुंबतात आणि बस एक-दोन तास सहज उशिरा पोचते.

७. सकाळ: जमण्याची जागा

पुष्कळ सहली शिंजुकुहून निघतात. या स्टेशनाला २०० हून अधिक दरवाजे आहेत. चुकीच्या बाजूला बाहेर पडलात तर बरोबर जागी यायला पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि बस तोवर थांबत नाही. आठची बस आठलाच सुटते.

१. आदल्या संध्याकाळी हॉटेलपासून त्या जागेपर्यंत एकदा प्रत्यक्ष जाऊन या. नकाशावर पाहणं पुरत नाही, जमिनीखाली फोनचं ठिकाण भरकटतं.
२. पत्त्यात पूर्व, पश्चिम की दक्षिण दरवाजा आहे, ते कागदावर लिहा. हायवे बसचं मोठं स्थानक 'बास्ता' दक्षिण बाजूला आहे. सहलीच्या बस मात्र बऱ्याचदा पश्चिमेकडच्या उंच इमारतींच्या भागातून सुटतात. दोन्ही एकच समजू नका.
३. साडेसातपासून लोकलची गर्दी सुरू होते. लहान मुलं आणि ज्येष्ठ सोबत असतील तर सातच्या आत स्टेशनात असा.
४. दिलेल्या वेळेच्या २० मिनिटं आधी पोचा आणि बसायच्या आधी स्वच्छतागृहात जाऊन या. सहलीच्या बसमध्ये ते बहुधा नसतं.

बस हुकलीच तर: आधी गाइडला फोन करा. मग शिंजुकुहून कावागुचिकोची हायवे बस, सुमारे पावणेदोन तास, किंवा 'फुजी एक्सकर्शन' ही थेट रेल्वे, दोन तासांच्या आत. त्या गाडीत सगळी आसनं आरक्षित असतात. जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास) वाटेतल्या ओत्सुकी स्थानकापर्यंतच चालतो, पुढच्या फुजिक्यु मार्गाचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

८. थांब्यांवर काय करायचं

उतरताना बसचा क्रमांक आणि उभी असलेल्या जागेचा फोटो काढा. एकसारख्या वीस बस शेजारी उभ्या असतात. गाइडने ११:२० सांगितलं तर ११:२० ला तुम्ही आसनावर पट्टा लावून बसलेले हवेत.

*चुरेइतो पॅगोडा.* उतरल्यावर दुकानांत न थांबता थेट पायऱ्यांकडे. ३९८ पायऱ्या चढायला दहा ते पंधरा मिनिटं लागतात, गुडघे दुखणाऱ्यांना वीस. फोटोची जागा पॅगोडाच्या पायाशी नाही. त्याच्या मागून आणखी थोडं वर चढल्यावर जो कठडा येतो, तिथून मनोरा आणि डोंगर एका चौकटीत बसतात. खूप जण पॅगोडापाशीच वळतात आणि चित्रातलं दृश्य कुठे आहे ते कळतच नाही. चेरीच्या दिवसांत त्या कठड्यासाठी लांब रांग असते. ती दिसली तर रांगेत शिरण्याआधी घड्याळ पाहा.

*ओइशी पार्क.* लव्हेंडर जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत, कोचियाची लाल झुडपं ऑक्टोबरात. फुलांच्या वाफ्यात पाय ठेवू नका.

*ओशिनो हाक्काई.* इथे घाई नको. फुजीवरचा बर्फ वितळून लाव्हाच्या थरांतून वर्षानुवर्षं झिरपतो आणि या आठ तळ्यांतून वर येतो. काठावर उकिडवं बसून तळाकडे पाहा. पाणी इतकं नितळ आहे की कित्येक मीटर खालचं शेवाळ वाऱ्याने डोलावं तसं हलताना दिसतं आणि त्याच्यावरून माशाची सावली सरकते. गर्दी ज्या मोठ्या मधल्या तळ्याभोवती असते, ते माणसाने बांधलेलं आहे आणि आठांत मोजत नाहीत. खरी तळी आजूबाजूला आहेत, पाटीवर नाव आणि क्रमांक असतो. नाणी टाकायला मनाई आहे, गंजून पाणी खराब होतं.

*पाचवं स्थानक.* वर पोचायचा रस्ता, फुजी सुबारू लाइन, बर्फ किंवा वाऱ्यामुळे बंद होतो आणि मग बस खालच्याच स्थानकावर थांबते. नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये हा थांबा मिळाला तर बोनस समजा. तिथून फुजीचा शंकू दिसत नाही. तुम्ही त्याच्याच अंगावर उभे असता आणि वर फक्त दगडमातीचा उतार असतो. पाहायचं ते खाली: ढगांचा समुद्र आणि सरोवरं. उंचीमुळे पहिली दहा मिनिटं सावकाश चाला. चढाईच्या मोसमात, १ जुलै ते १० सप्टेंबर, योशिदा वाटेने वर जाणाऱ्यांकडून ४,००० येन शुल्क घेतात. नुसतं स्थानक पाहणाऱ्यांना ते लागत नाही.

सावधान: फोटोसाठी रस्ता मध्येच ओलांडू नका, लोकांच्या अंगणात शिरू नका. कावागुचिकोत अशा वागण्याला कंटाळून २०२४ च्या मे महिन्यात एका दुकानासमोरच्या रस्त्यावर प्रशासनाने दृश्य झाकणारा उंच काळा पडदा लावला होता. तो ऑगस्टमध्ये काढला, पण गावकऱ्यांचा त्रास खरा आहे.

९. परतीचा प्रवास

शेवटच्या थांब्यावर स्वच्छतागृहात जाऊन या, पाण्याची बाटली भरा, फोन चार्जरला लावा. मग दोन-अडीच तास बसून राहायचं आहे. गाइडला टिप द्यायची पद्धत नाही, वाकून 'अरिगातो गोझाइमास' म्हणा.

एखाद्या थांब्यावर मागे राहिलात तर जागा सोडू नका, आधी गाइडला फोन करा. संपर्क झालाच नाही तर कावागुचिको स्थानकावर या, तिथून शिंजुकुच्या हायवे बस सुटतात. संध्याकाळी त्या लवकर भरतात, म्हणून तिकीट फोनवर लगेच काढा.

उतरताना समोरच्या जाळीत, आसनाखाली आणि वरच्या फळीवर हात फिरवून पाहा. कानटोपी, चष्मा आणि चार्जर तिथेच राहतात. काही राहिलंच, तर सकाळी बसच्या क्रमांकाचा जो फोटो काढला होता तो गाइडला पाठवा.